आबा गेल्यापासून मायची पेन्शन सुरू होईपर्यंत

आबा, म्हणजे आमचे वडील, गेले १४ ऑक्टोबर २०२४ ला, सोमवारी पहाटे, धुळ्याच्या एका दवाखान्यात. मायच्या खात्यात कुटुंब निवृत्तिवेतनाची पहिली रक्कम पडली ९ एप्रिल २०२५ ला. मधले जवळजवळ सहा महिने आम्ही दोघं भाऊ एका कागदावरून दुसऱ्या कागदावर फिरत होतो. कोणता आधी, कोणता नंतर, कुणाकडे द्यायचा, काहीच ठाऊक नव्हतं. खानदेशात गावोगावी निवृत्त गुरुजींची घरं आहेत. त्यातल्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून तारखांसकट लिहून ठेवतोय.

आबा जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. १९६६ मध्ये लागले. पहिली नेमणूक सातपुड्याच्या पायथ्याला, पावरा वस्तीच्या एका पाड्यावर, एकशिक्षकी शाळा. चारही वर्ग एकाच खोलीत, एका वर्गाला गणित घालून द्यायचं आणि दुसऱ्याला वाचायला बसवायचं. ७२ च्या दुष्काळात शाळेत सुकडी वाटायचं काम त्यांच्याकडे होतं. कोणाच्या घरी किती तोंडं आहेत हे त्यांना त्या वेळी पाठ झालं आणि शेवटपर्यंत पाठ राहिलं. पुढे बदली होत होत बोरीकाठी आमच्या गावाजवळ आले. जनगणना, मतदार याद्या, कुटुंबनियोजन, निवडणुकीची पेटी, सगळं केलं. ३१ मे २००४ ला निवृत्त झाले. जन्मतारीख १ जून १९४६. म्हणजे कागदावरची. त्या पिढीत ज्याची तारीख घरात कुणाला सांगता येत नसे, त्याच्या नावापुढे गुरुजी १ जून लिहून टाकत, कारण शाळा जूनमध्ये उघडायची. आबांच्या गुरुजींनी आबांची तशी लिहिली आणि आबांनी पुढे शेकडो पोरांची तशीच लिहिली. १ तारखेला जन्म असला की निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी येते, म्हणून ३१ मे. त्या दिवशी तालुक्यात एकदम पाच-सात गुरुजींचे निरोप समारंभ होते, आबांना हार घालायला माणसं संध्याकाळी उशिरा पोचली.

शेवटचा आजार नऊ दिवसांचा. न्यूमोनिया झाला, मग मूत्रपिंडांनी साथ सोडली. त्याबद्दल जास्त लिहिवत नाही.

पहिली चूक आमच्याकडून तिथेच झाली असती. दवाखान्याच्या काउंटरवर मयताची माहिती भरायला एक नमुना देतात. त्या पहाटे दादाने न वाचताच सही करायला पेन उचललं. मी सहज नजर टाकली तर आबांच्या वडिलांचं नाव चुकलेलं होतं. आधार कार्ड मोबाईलमध्ये होतं, ते दाखवून तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं. हीच माहिती दवाखान्याकडून नोंदणीला जाते आणि मृत्यूच्या दाखल्यावर तीच छापून येते. रडू आवरत नसतं तेव्हा हे सुचत नाही, म्हणून सांगतो: नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. सोबत कुणी शेजारी, पाहुणा असेल तर हे काम त्याला द्या.

अंत्यसंस्कार गावी झाले. रक्षाविसर्जनाला नीमला, तापी-पांझरेच्या संगमावर कपिलेश्वराला गेलो. दारावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. तिसऱ्या दिवशी एक पावरा गृहस्थ आले, साठीच्या पुढचे, दोन बस बदलून. आबांच्या पहिल्या पाड्यावरचे विद्यार्थी. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला शाळा सोडल्याचा दाखला काढून मला दाखवला. आबांचं अक्षर. या दाखल्यावर वनविभागात रोजंदारी मिळाली आणि पुढे कायम झालो, म्हणाले. दुसरं काही बोलले नाहीत.

१८ तारखेला मी गावच्या ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायला गेलो. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने समजावून सांगितलं की मृत्यू ज्या ठिकाणी झाला तिथेच त्याची नोंद होते, राहण्याच्या गावी नाही. म्हणजे आमची नोंद धुळे महापालिकेत. नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. उशीर झाला तर विलंब शुल्क, त्याहून जास्त झाला तर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दवाखान्याने माहिती आधीच पाठवली होती, त्यामुळे २८ ऑक्टोबरला दाखला हातात आला. पहिली प्रत मोफत असते. मी आणखी नऊ घेतल्या आणि त्यातल्या आठ लागल्या. बँक, पंचायत समिती, तलाठी, विमा, गॅस, रेशन कार्ड, कोणी झेरॉक्सवर भागवतं, कोणी मूळ मागतं.

दाखल्यावर 'मयताचे नाव' या शब्दांपुढे आबांचं पूर्ण नाव वाचलं तेव्हा महापालिकेच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसून राहिलो.

यानंतर पैशाचा एक प्रसंग आला. २४ ऑक्टोबरला गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटण्याचा विधी झाला, खर्च झाला होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आबांच्या खात्यात ऑक्टोबरची पूर्ण पेन्शन जमा झाली. एटीएम कार्ड घरात, पिन दादाला माहीत. एका नातेवाइकाचं म्हणणं पडलं की काढून घ्या, गुरुजींचेच पैसे आहेत. मी नको म्हटलं, दादाला राग आला. पण ते बरं झालं. पेन्शनर ज्या दिवशी जातो त्या दिवसापर्यंतची पेन्शन त्याची असते. कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून धरतात. १५ ऑक्टोबरपासूनचे जे पैसे खात्यात आले ते सरकारला परत जायचे होते. काढले असते तर वसुली निघाली असती आणि मायचं प्रकरण तिथेच अडकलं असतं. तेव्हा माणूस गेल्याचं बँकेला आणि पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला लगेच लेखी कळवा. एका साध्या अर्जाचं काम आहे. आम्ही ते दोन आठवडे लांबवलं, तेवढीच जास्त रक्कम परत करण्याची कटकट झाली.

पंचायत समितीत गेलो तोवर विधानसभेची आचारसंहिता लागलेली होती. १५ ऑक्टोबरला, आबांच्या दुसऱ्याच दिवशी, निवडणूक जाहीर झाली होती. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. शिक्षण विभागातल्या खुर्च्या रिकाम्या, सगळे निवडणुकीच्या कामाला. पेन्शनचं टेबल बघणारे बाबूही प्रशिक्षणाला गेलेले. आबांनी स्वतः कितीतरी निवडणुका केल्या होत्या, त्यामुळे याचा राग आला नाही, पण नोव्हेंबर तसाच गेला. दिवाळी घरात नव्हतीच.

२ डिसेंबरला अर्ज दिला. जोडलेले कागद सांगतो, म्हणजे एका फेरीत होईल: मृत्यूचा दाखला, मूळ पी.पी.ओ. (आबांचा निवृत्तिवेतन आदेश), मायचं आधार आणि पॅन, मायच्या एकटीच्या नावाच्या बँक खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान, फोटो, मायचा हयातीचा दाखला, नमुना सह्या आणि वर्णनपत्र. मुलासोबतचं जोडखातं आम्हाला चालणार नाही असं सांगितलं, म्हणून मायचं वेगळं खातं उघडलं. त्यात चार दिवस गेले. ते आधीच उघडलेलं असेल तर उत्तम.

वर्णनपत्रात उंची आणि शरीरावरच्या ओळखीच्या खुणा लिहायच्या असतात. उंची कुठे मोजायची? गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर आबांनी निळ्या रंगाने सेंटिमीटरची पट्टी रंगवली होती, पोरांची उंची मोजायला. रंग बराच उडालाय पण आकडे वाचता येतात. मायला तिथे उभं केलं. १४७. ओळखीच्या खुणेत बाबूंनी लिहिलं, 'डाव्या हातावर गोंदण'. मायचा हात टेबलावर होता. ते गोंदण लहानपणी माहेरच्या जत्रेत काढलेलं, आता कातडीच्या सुरकुत्यांत हिरवट रेषा उरल्यात. नमुना सह्यांच्या वेळी बाबूंनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. माय म्हणाली, "अंगठा कसाले? मी सही करसू." चौथीपर्यंत शिकलीय ती. तीन सह्या केल्या, तिन्ही सारख्या.

मग एक कागद आला, त्यावर लिहिलेलं की मी पुनर्विवाह केलेला नाही. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईने त्यावर सही करायची. मायने तो दोनदा वाचला. "हाई बी लिखनं पडस का रे भाऊ?" बाबू मान खाली घालून हो म्हणाले. तिने सही केली. घरी येताना एसटीत ती खिडकीतून बाहेर बघत होती, कपाशीची शेतं वेचून रिकामी झालेली. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढा या फेऱ्यांना आधार झाला.

ज्यांच्या घरी हा कागद भरायचा आहे त्यांनी आईला आधी घरीच शांतपणे सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

१७ डिसेंबरला त्रुटीचं पत्र आलं. पी.पी.ओ.वर मायच्या नावाला 'बाई' जोडलेलं, आधारवर नाही. पी.पी.ओ.वर जन्मवर्ष १९५१, आधारवर १ जानेवारी १९५६. आधार काढताना पोऱ्याने अंदाजे वय विचारलं होतं, त्यावरून यंत्राने १ जानेवारी टाकली असणार. वय जुळणं महत्त्वाचं आहे, कारण पुढे ऐंशीच्या पुढची वाढ त्यावरच ठरते. नाव जुळलं नाही तर बँकेतही पैसे अडकतात.

त्या रात्री मला आबांचा राग आला. गावात कोणाचा उतारा चुकला, कोणाच्या पोराच्या दाखल्यात काना-मात्रा राहिला, की आबांकडे माणूस यायचा आणि आबा अर्ज लिहून द्यायचे. अख्ख्या गावाचे कागद सरळ केले आणि स्वतःच्या बायकोचं नाव वीस वर्षं चुकीचं राहू दिलं, असं मी मायसमोर बोललो. मोठ्याने बोललो. माय म्हणाली, "पेटी देख आधी."

पेटी म्हणजे पत्र्याची, हिरव्या रंगाची, पलंगाखालची. आत कापडी बासनं. प्रत्येकावर आबांच्या अक्षरात चिठ्ठी: शेती, सेवा, विमा, मुलींची लग्नं. 'सेवा' लिहिलेलं बासन सोडलं. नेमणुकीचा आदेश, बदल्यांचे आदेश, प्रत्येक वेतनवाढीचा कागद तारीखवार. सगळ्यात खाली एक अर्ज, कार्बनची प्रत. 'विषय : निवृत्तिवेतन आदेशातील पत्नीच्या नावात दुरुस्ती होणेबाबत.' तारीख २२/८/२०१९. सातव्या वेतनाप्रमाणे पेन्शन सुधारली त्या वर्षीची. डाव्या कोपऱ्यात कार्यालयाचा गोल शिक्का, आवक क्रमांक आणि कोणाची तरी सही. खाली पेन्सिलने आबांनी लिहिलेलं: '११/१० विचारणा केली. ६/१ विचारणा केली.' त्यानंतर मार्च २०२० ला टाळेबंदी आली, आणि आबांचे गुडघे गेले.

मी ती प्रत हातात घेऊन पलंगावर बसलो. माय दारात उभी होती. "त्यासनी करेल व्हतं ना," एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकाला गेली.

३ जानेवारीला ती प्रत घेऊन गेलो. पेन्शनचे बाबू तरुण होते, २०१९ मध्ये ते तिथे नव्हतेही. त्यांनी आवक क्रमांक बघितला, कपाटाच्या वरून जुनी आवक नोंदवही काढली, धूळ झटकली आणि बोट फिरवत त्या ओळीवर थांबले. नोंद होती. अर्ज फाइलला लागायचा राहून गेला होता. त्यांनी ते मान्य केलं आणि दुरुस्तीचा प्रस्ताव मूळ तारखेच्या अर्जाचा संदर्भ देऊन बनवला. "पोच नसती तर हे मला नव्याने सिद्ध करून मागावं लागलं असतं," असं म्हणाले. त्या दिवसापासून मी एकही कागद पोच घेतल्याशिवाय दिलेला नाही. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्यायचा. कोणी म्हणालं की गरज नाही, ठेवून जा, तरी हात जोडून थांबायचं.

प्रस्तावाला दोन कागद हवे होते. एक, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं मायचं प्रतिज्ञापत्र. बाहेरच्या टंकलेखकाने पाचशेचा मुद्रांक लागेल म्हणून सांगितलं आणि मी पैसे काढलेही. तहसीलमधल्या एका ताईंनी थांबवलं. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, साध्या कागदावर चालतं. चाललं.

दुसरा, मायच्या वयाचा पुरावा. तो मिळाला तिच्या माहेरच्या शाळेत, साक्रीकडे. जुनं जनरल रजिस्टर, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण १९५७ चं पान शाबूत. मुख्याध्यापक मॅडमनी उतारा लिहून दिला. तिथे मायचं नाव 'बाई'शिवाय, वडिलांचं नाव, आणि जन्मतारीख १ जून १९५१. मायला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसली. आबा गेल्यापासून पहिल्यांदा. दोघांची तारीख एकच, आणि दोघांचीही खरी नाही. या उताऱ्यावर आधारमधली जन्मतारीख दुरुस्त करून घेतली, त्यात तीन आठवडे गेले.

या काळात सातबाऱ्यावर वारस लावायचं कामही काढलं. अर्ज ई-हक्क प्रणालीवर भरला, मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. तलाठ्याने फेरफार धरला, पंधरा दिवसांची नोटीस निघाली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. गावातल्या काही जणांनी सुचवलं की बहिणींची नावं लावू नका, नंतर हक्कसोड, म्हणजे बहिणींनी हिस्सा सोडल्याचा कागद, घेत बसावं लागेल. आम्ही दोघी बहिणींची नावं लावली. आबांनी पोरींना पोरांइतकंच शिकवलं होतं, त्यांच्या मागे आम्ही वेगळं वागायचं कारण नव्हतं.

फाइल फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जिल्ह्याला गेली, शिक्षण विभागातून वित्त विभागाकडे. मार्चअखेर तोंडावर. मी नाशिकला नोकरी करतो, रजा संपत आलेल्या, म्हणून दादा दोनदा जाऊन आला. दादा शेती करतो, कार्यालयात बोलायला बुजतो. मी त्याला एका वहीच्या पानावर लिहून दिलं: कोणाला भेटायचं, जावक क्रमांक काय, काय विचारायचं, कोणाचं नाव लिहून आणायचं. दुसऱ्या फेरीत तो परत आला तो म्हणाला, सोपं आहे रे, आपला क्रमांक सांगितला की ते शोधतात. ज्याच्या हातात क्रमांक आहे त्याला उभं करून ठेवत नाहीत, हे आम्ही अनुभवलं. वरचे पैसे कोणी मागितले नाहीत आणि आम्ही दिले नाहीत.

२१ मार्चला मंजुरीचा आदेश निघाला. हिशेब असा: आबांचं निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या निम्मं होतं, कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के बसतं, म्हणजे आबांना मिळायचं त्याच्या साधारण तीन पंचमांश. मायला मूळ १२,१८० रुपये आणि त्यावर महागाई वाढ. निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत माणूस गेला असेल तर सुरुवातीला जास्त दर लागतो, तेव्हा तो विचारून घ्या. आबांच्या वयाला तो लागू नव्हता. १५ ऑक्टोबरपासूनची थकबाकी मिळाली. आबांच्या खात्यात जादा आलेले पैसे आम्ही आधीच परत केले होते, त्याची पावती जोडली होती म्हणून कपात झाली नाही. सगळ्या कामाला आमचा खर्च चार हजारांच्या आत झाला, त्यात निम्म्याहून जास्त प्रवास.

९ एप्रिलला मी सुट्टी काढून मायला बँकेत घेऊन गेलो. पासबुक यंत्रात घातलं, छापून बाहेर आलं. मायने चष्मा लावून ती ओळ वाचली, रकमेवर बोट ठेवलं. मग मला म्हणाली, जास्तीचं तर काही आलं नाही ना, नीट बघ.

३० एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आबांची पहिली घागर. मायने पहाटे उठून नवी घागर पाण्याने भरली, वर डांगर (खरबूज) आणि सांजोऱ्या ठेवल्या, आणि आबांचं नाव घेऊन कुंकवाचं बोट ओढलं. दोघी बहिणी आल्या होत्या. दुपारी रस-पोळी झाल्यावर मी मंजुरी आदेशाची प्रत पेटीत ठेवायला गेलो. 'सेवा' चिठ्ठीच्या बासनात, २०१९ च्या अर्जाच्या वर ठेवली.

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते, हे मी मायला पुन्हा एकदा सांगितलं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून घेतलं, पानं उलटून नोव्हेंबर शोधला आणि १ तारखेच्या चौकोनात, माझ्याकडून पेन घेऊन, स्वतः लिहिलं: दाखला. दोन प्रती.